रहीमच्या चौपन्न पायऱ्या

पयलेच सांगून ठेवतो, मले कोणी शिकवलेलं खपत नाई. चाळीस वर्षं अकोटच्या जिनिंगात काढली, गठाण बांधाच्या प्रेसवर मुकादम होतो, माह्या एका हाकेवर वीस माणसं हालत. अन् आता म्हातारपणी एका पोट्टीच्या हुकमावर मोबाइल कवा आडवा, कवा उभा धराची पाळी आली. पोट्टीचं नाव स्वराली. अमरावतीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट हाय, वय असन पंचवीस-सव्वीस. पयल्याच दिवशी तिनं मले सांगतलं, का काका, तुम्ही मध्ये येताय, जरा बाजूला व्हा. माह्याच घरात.

तसा पेशंट मी नाई. पेशंट हाय माहा दोस्त अब्दुल रहीम, आमच्याच जिनिंगातला फिटर. कापसातून सरकी वेगळी करते ती मशीन म्हणजे रेचा. असे चोवीस रेचे त्याच्या ताब्यात होते, अन् कोणता रेचा बिघडला हे तो दुरून, आवाजावरून सांगे. मशीनची नाडी त्याले कळे, सोताची नाई कळली. पस्तीस वर्षं रुईची धूळ खाल्ली, वरून रोजचं एक बंडल बिडी. मी बिडी नाई ओढली, मी तंबाखू खाल्ला. म्हणून माहे दात गेले अन् त्याचा दम गेला. बिडी सोडून त्याले सात वर्षं झाले, सकाळ-संध्याकाळ तोंडानं औषधाचा पंप ओढते, पण डॉक्टर म्हणते फुप्फुसाचं जे गेलं ते गेलं. उरलं त्याच्यावर संसार कराचा.

संसार म्हटला तं तोही अर्धा अमरावतीले. रहीमची बायको हलीमाबी, आमची भाभी, सव्वा वर्षापासून तिकडेच हाय. पोरगा उजैर नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नोकरीले, सून अफसाना शाळेत शिकवते. तिले जुळं झालं, एक पोरगा, एक पोरगी. भाभी आठ दिवसांसाठी म्हणून गेली ती तिकडचीच झाली. तिचं तरी काय चुकलं? दोन लेकरं, मायबाप दोघंही नोकरीवाले. रहीमनंही तिकडेच राहाले जावं असं सगळ्याइचं म्हणणं. पण उजैरचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर, अन् बिल्डिंगले लिफ्ट नाई. खालून वरपर्यंत चौपन्न पायऱ्या. बायको तिकडे, माणूस इकडे, मधात शंभर किलोमीटर अन् चौपन्न पायऱ्या. शंभर किलोमीटरले एसटी हाय. पायऱ्याइले काय हाय?

मागच्या हिवाळ्यात त्यानं एक डाव करून पाह्यलं. कोणाले न सांगता एसटीत बसला, मलेही नाई सांगतलं, अन् दीड माळा चढून जिन्यातच खाली बसला. ओठ निळे पडले. बिल्डिंगच्या चार पोट्ट्याइनं खुर्चीत बसवून खाली आणलं, दवाखान्यात नेलं. तीन दिवस तिथं काढून अकोटले परत आला, वरचं घर न पाहताच. मले म्हणे, "मुकादम, चौघांनी उचलून खाली आणलं मले. जिता असतानी." त्या दिवसापासून त्यानं अमरावतीचं नावच टाकलं. भाभीचा फोन आला तं हवापाण्याचं बोले, पोट्ट्याइले काय खाऊ घातलं ते इचारे, अन् ठेवून दे.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरनंच रस्ता काढला. तो म्हणे, औषधं चालूच ठेवा, पण पाय अन् छाती कामाले लावा लागन, आठवड्यातून तीन दिवस व्यायामाले इथं या. मी म्हटलं, अकोटहून तीन दिवस येणंजाणं केलं तं व्यायाम एसटीतच होऊन जाईन. मंग ठरलं का रहीम घरीच करन अन् स्वरालीबाई मोबाइलवरून पाहीन. आठ आठवडे. रहीमचा फोन बटनांचा, म्हणून फोन माहा. त्याच्याकडे दोन खोल्या अन् सपाट आंगण, माह्याकडे गच्चीवर जाणारा चौदा पायऱ्यांचा जिना, म्हणून घरही माहं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ वाजता.

पयल्या दिवशी बाईनं त्याले इचारलं, का काका, बरं वाटलं की तुम्हाला काय करायचं आहे? कोणी सांगत असन बाजारात जाचं हाय, कोणी सांगत असन शेतात चक्कर माराची हाय. रहीम म्हणे, "बेटा, चौपन्न पायऱ्या." बाई हासली नाई. तिनं लिहून घेतलं अन् म्हटलं, ठीक आहे, मग आपण पायऱ्यांचीच तयारी करू. त्या दिवशी माहा तिच्यावरचा राग चार आणे उतरला.

व्यायाम म्हणजे मले तं पोरखेळच वाटे. खुर्चीवरून उठाचं अन् बसाचं, दहा डाव. पाण्यानं भरेल बाटल्या दोन्ही हातात धरून खांद्यापर्यंत उचलाच्या. भिंतीले हात टेकून ढकलाचं. आंगणात सहा मिनिटं चालाचं. बोटाले एक चिमटा लावाचा, तो रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवते. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला का थांबाचं, अशी बाईची सक्त ताकीद. अन् मंग ती इचारे, दम किती लागला ते शून्य ते दहामध्ये सांगा. रहीम दर वेळी "तीन" म्हणे. बनियान घामानं भिजे, तरी तीनच. शेवटी मीच मधात पडलो. म्हटलं, बाई, हा माणूस अर्धी जिनिंग बंद पडली तरी मालकाले किरकोळ हाय सांगे, याच्या तीनले तुमी सात समजा. तवापासून ती आकडा मले इचारू लागली. रहीम मले म्हणे, चुगलखोर.

सगळ्यात मोठं काम श्वासाचं. नाकानं घ्याचा, अन् ओठांचा चंबू करून हळूहळू सोडाचा, घ्याले लागला त्याच्या दुप्पट वेळ. मेहनतीचं काम करतानी तं सोडाचाच, अडवाचा नाई. बसल्याजागी रहीम हे इतकं मस्त करे का बाई म्हणे, काका, तुमच्यासारखं कोणालाच जमत नाही. गडी असा फुगला का दोन दिवस माह्याशी मास्तरासारखा बोलला.

तीन आठवड्यांत खुर्चीचे दहाचे वीस झाले, आंगणातल्या चकरा वाढल्या. पण पायऱ्या जमेनात. चार-पाच पायऱ्या चढला का आकडा शह्याऐंशी. बसवलं का पुन्हा त्र्याण्णव, चढवलं का पुन्हा शह्याऐंशी. बाईले कोडं पडलं. सपाटीवर एवढा चांगला चालणारा माणूस पायरीवरच असा कसा अडते? ती इचारे, काका, चढताना श्वास सोडताय ना? रहीम म्हणे, हो. मीही म्हणो, हो. मंग ती म्हणे, पाय कसे पडतात ते दाखवा. मी फोन घेऊन वाकलो, त्याच्या पायापाशी धरला, अन् दोन आठवडे तसाच धरला. पाय तिनं पाहिजे तसे पाह्यले. तोंड कोणीच पाह्यलं नाई.

एका शुक्रवारी ती हळूच म्हणाली, का असंच राहिलं तर पायऱ्यांचा व्यायाम थांबवावा लागेल, डॉक्टरांशी बोलते, कदाचित आपल्याला ध्येय बदलावं लागेल. रहीमनं बोटाचा चिमटा काढला, डबीत ठेवला, डबी माह्या हातात देली अन् चहा न घेता घरी गेला. चाळीस वर्षांत तो माह्या घरून चहा न घेता कवाच गेला नव्हता. भांडण करून गेला तरी चहा पिऊन गेला.

मले असा संताप आला. पोट्टीले फोन लावला अन् तोंडाले येईन ते बोललो. म्हटलं, ध्येय बदलाचं म्हणजे काय, बायको बदलाची का त्यानं? तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "काका, मलाही त्यांना वर पोचवायचंच आहे." मी फोन ठेवून देला.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारी वाळू घालाले अर्धं पोतं खांद्यावर घेऊन गच्चीवर गेलो. वर पोचलो, पोतं टाकलं अन् भक्कन दम सोडला. माही बायको माणिकबाई वरच बसून दाळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणे, "तुमी दोघंही सारखेच. चढतानी तोंड शिवून घेता. खाली उतरले का मंग ते तोंड बंद होत नाई."

मी तिथंच पोत्यावर बसलो. आता हे ज्यानं जिनिंगात काम नाई केलं त्याले समजाचं नाई, म्हणून सांगतो. जिनिंगाच्या खात्यात रुई सारखी उडत असते. तोंड उघडलं का घशात. म्हणून माणूस कामाले लागला का पयला धडा हाच, का वजन उचलाचं असो का शिडी चढाची असो, तोंड बंद अन् दम धरून. बोलाचं ते हाताच्या इशाऱ्यानं. दम सोडाचा तो बाहेर येऊन, चहाच्या टपरीवर. पस्तीस-चाळीस वर्षं आमी हेच केलं. जिनिंग सुटली, पण आंगाले कोण सांगन का आता सुटली? रहीम पायरीवर पाय ठेवे, अन् त्याचं आंग समजे का आपण रेच्याच्या शिडीवर चढून राह्यलो. तोंड आपोआप बंद. बाईले तो हो म्हणे ते खोटं नाई म्हणे बिचारा. त्याले खरंच वाटे का आपण श्वास सोडून राह्यलो. अन् मले कावून नाई दिसलं, तं माहंही तोंड तसंच बंद असते.

तसाच रहीमच्या घरी गेलो, त्याले हाताले धरून आणला, बाईले फोन लावला. तिले सगळं सांगतलं. ती म्हणे, मी इतके दिवस फक्त पायच बघत राहिले, चूक माझी आहे. मी म्हटलं, नाई बाई, फोन मी धरला होता, चूक माही. मागून माणिकबाई म्हणे, दोघांची. रहीम त्या दिवशी तीन आठवड्यांनंतर पयल्यांदा खदखदून हासला, अन् हासता हासता खोकला.

पण सांगून सुटली तं ती सवय कायची? पाय उचलला का ओठ बंद. मी बाजूनं "सोड, सोड" ओरडो, तं तो दचके अन् आणखीच दम धरे. बाईनं मोजून पाह्यलं, टाळ्या वाजवून पाह्यल्या, नाई जमलं. मंग मीच इचार केला, का खात्यात या माणसाचं तोंड उघडं कवा राहे? तं रेचा बंद करून उघडला का. बेरिंगवर रुई चिकटेल असे, अन् रहीम तिच्यावर फुंकर मारे. लांब, बारीक, एका दमाची फुंकर. रुई बाहेर उडे अन् वंगणात एक तंतू जात नसे. तशी फुंकर पुऱ्या जिनिंगात कोणाची नव्हती.

माणिकबाईचा वातीचा कापूस घेतला, त्याचा पुंजका दोऱ्याले बांधला, दोरा तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काडीच्या, टोकाले. तुराटी धरून मी त्याच्या पुढे, उलट्या पायानं एकेक पायरी वर चाललो, पुंजका त्याच्या तोंडासमोर. म्हटलं, "फिटर, बेरिंगवर रुई हाय. उडव." त्यानं माह्याकडे असं पाह्यलं का याले येड लागलं. पण फुंकर मारली. पाय उचलला, फुंकर. दुसरा पाय, फुंकर. फोन या डावा माणिकबाईनं धरला होता, सरळ तोंडासमोर. शेजारचा धर्मपाल भिंतीवरून पाहत होता, तो म्हणे, देवमनभाऊ, चाचाची नजर उतरवून राह्यले का? मी म्हटलं, तू आपलं काम कर. सातव्या पायरीवर आकडा एक्याण्णव. चौदाव्या पायरीवर एकोणनव्वद, अन् खाली गेलाच नाई. फोनमधून बाईच्या टाळ्या ऐकू आल्या. रहीमले बोलता येत नव्हतं, तो गच्चीवर उभा राहून नुसता गावाकडे पाहत राह्यला. माह्या गच्चीवर तो सहा वर्षांनी आला होता.

त्याच्यानंतर गाडी रुळावर आली. आठवड्याभरात पुंजक्याची गरज राहिली नाई, ओठ आपसूक उघडू लागले. सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्यानं चौदा पायऱ्या चढून स्टुलावर दोन मिनिटं दम खाल्ला, उतरला, पुन्हा चढला, असे चार डाव केले. चौदा चोक छप्पन. आकडा एक डावही अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला नाई. त्या दिवशी बाई म्हणाली, का पुढचे दोन आठवडे माझा फोन नसेल, तुमचं तुम्ही करा अन् आकडे मेसेजवर पाठवा.

त्याच दुपारी तिनं मले पुन्हा फोन केला. म्हणे, "काका, ते तयार आहेत. मी डॉक्टरांशी बोलले. येत्या रविवारी अमरावतीला या. स्टूल बरोबर घ्या, प्रत्येक मजल्यावर बसवा, घाई करू नका." मी म्हटलं, बरं बाई, सांगतो त्याले.

नाई सांगतलं.

आता तुमाले जे म्हणाचं असन ते म्हणा. माही पोरगी पुण्याले, वर्षातून एक डाव येते. जिनिंगातले बाकीचे कोणी मेले, कोणी पोट्ट्याइजवळ गेले. रोज चार वाजता माह्या ओट्यावर येऊन बसणारा हा एकच. माणसाले रोज कोणाले तरी शिव्या देल्याबिगर जेवण जात नाई, अन् शिव्या खाऊनही दुसऱ्या दिवशी येणारा माणूस जन्मात एखादाच भेटते. सहा आठवडे मी त्याले वर चढवाच्या नादात होतो. चढला का तो माह्या ओट्यावरूनच उठून जाते, हे त्या फोननंतर ध्यानात आलं. छातीत असं झालं का बोटाले तो चिमटा मीच लावून पाह्यला. सत्त्याण्णव दाखवला मेल्यानं.

संध्याकाळी रहीमले म्हटलं, बाई म्हणते आणखी पंधरा दिवस पक्कं करा, मंग जा. त्यानं माह्याकडे पाह्यलं, चहाची बशी खाली ठेवली अन् म्हणे, बरं, पंधरा दिवस तं पंधरा दिवस. एका शब्दानं इचारलं नाई. ते मले जास्त लागलं. मी मनातल्या मनात सोताले हजार शिव्या देल्या, पण तोंडानं बोललो नाई. बाईचा मेसेज आला, वर गेलात का? मी लिहिलं, जाऊ.

ते पंधरा दिवस आमी राजासारखे काढले, खोटं कावून बोलू? सकाळी व्यायाम, मंग माणिकबाईच्या हातचा नाश्ता, दुपारी बाजारापर्यंत हळूहळू पायी. जिनिंगासमोर जाऊन आलो. तिथल्या टपरीवर उभं राहून त्यानं चहा पेला अन् टपरीवाल्याले म्हणे, तुह्या बापाच्या हातचा बरा होता.

अन् मंग त्या गुरुवारी भाभीचा व्हिडिओ फोन आला, नेहमीसारखा माह्या फोनवर. तिनं फोन खाली ठेवला अन् म्हणे, पाहा. नातू भिंतीले धरून उभा होता. भिंत सोडली, एक, दोन, तीन, चार पावलं टाकली अन् भाभीच्या मांडीवर आदळला. भाभीनं फोन उचलला. हासून म्हणे, "पाहा जी, हा चालाले लागला. तुमी कवा चालता?"

रहीम हासला. फोन ठेवला, अन् मंग भिंतीकडे तोंड करून बसला. लय वेळ बसला. मी सयपाकघरात गेलो. माणिकबाईनं माह्याकडे पाह्यलं, पण काही इचारलं नाई. ती काही इचारत नाई तवा समजाचं का तिले सगळं माईत हाय. मले आपलीच लाज वाटली. चार पावलं मी खाल्ली होती त्या माणसाची. दोन आठवड्यांआधी तो तिथं गेला असता तं ते पोट्टं भाभीच्या नाई, त्याच्या मांडीवर पडलं असतं. बाहेर आलो अन् म्हटलं, फिटर, रविवारी जाचं.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. माह्या हातात प्लास्टिकचा स्टूल. कंडक्टर म्हणे, काका, गाडीत जागा हाय, स्टूल कायले आणला? मी म्हटलं, तुह्यासाठी, थकशीन तं बस. अंजनगाव गेलं, रहीम खिडकीतून बाहेर पाहत होता. अमरावतीच्या स्टँडवर उजैर ऑटो घेऊन उभा होता. बिल्डिंगपाशी उतरल्यावर रहीमनं त्याच्या हातात पिशव्या देल्या अन् सांगतलं का तू वर जा, दार लावून घे, कोणीच जिन्यात उभं राहाचं नाई, तुह्या अम्मीलेही सांग. उजैर माह्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, जा बेटा, मी हावो.

अठरा पायऱ्या, पयला माळा. स्टूल ठेवला, बसवला, चिमटा लावला. नव्वद. तीन मिनिटं. पुन्हा उठला. पुढच्या अठरा पायऱ्यांच्या मधात ती जागा आली जिथं तो मागच्या डावा बसला होता. मले काय माईत, पण त्याचा पाय तिथं थांबला, हात भिंतीले टेकला, तवा मी समजलो. त्यानं लांब फुंकर मारली अन् पाय पुढच्या पायरीवर ठेवला.

दुसऱ्या माळ्यावर स्टुलावर बसला तवा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. हळूहळू नव्वद झाला, ब्याण्णव झाला. राह्यल्या अठरा पायऱ्या. वरून लेकराचा आवाज येत होता. माह्यानं राहवलं नाई.

"रहीम," मी म्हटलं, "बाईनं तुले दोन आठवड्यांआधीच पाठवाले सांगतलं होतं. मीच बोललो नाई."

त्याले लगेच बोलता येत नव्हतं. त्यानं शिकवल्यासारखे पाच श्वास सोडले, माह्याकडे न पाहता. मंग म्हणे, "मले माईत हाय."

"तुले कोणं सांगतलं?"

"तिनंच. तुले फोन केला त्याच दिवशी मलेही केला. अबे, पेशंट मी हावो का तू?"

मी तिथंच पायरीवर बसलो. म्हटलं, मंग बोलला कावून नाई?

तो चिमट्याच्या आकड्याकडे पाहत होता. "तू पंधरा दिवस म्हणला," तो म्हणे. "मी म्हटलं, मुकादमनं चाळीस वर्षांत माह्याकडे कवा काही मांगतलं नाई. पंधरा दिवस मांगून राह्यला तं देऊ." थोडा दम घेतला. "मलेही पायजे होते." मंग उठता उठता म्हणे, "पण हे हलीमाले सांगू नोको."

मी डोळे पुसले, स्टूल उचलला अन् त्याच्या मागं चाललो. त्या अठरा पायऱ्या तो कुठंच थांबला नाई.

दार उघडंच होतं. उजैरचं कोण ऐकते, भाभी चौकटीत उभी होती, कडेवर नातू, मागं अफसाना नातीले घेऊन. रहीम चौकटीले धरून उभा राह्यला, छाती वरखाली होऊन राह्यली होती. भाभीनं त्याले डोक्यापासून पायापर्यंत पाह्यलं. रडन असं वाटलं, तं ती रडली नाई. म्हणे, "दवाखान्यातली बाई तं उजैरले म्हणे कवाचे तयार हायत. मंग इतके दिवस कावून लावले?"

रहीमले बोलाले दम नव्हता. त्यानं हात उचलला अन् सरळ माह्याकडे बोट दाखवलं. दोन मिनिटांआधी सांगू नोको म्हणणारा माणूस. असा हा दोस्त.

आता खोटं बोलाचं राह्यलं नव्हतं. मी म्हटलं, "भाभी, मी थांबवलं त्याले. त्याच्याबिगर मले करमलं नसतं."

भाभी माह्याकडे पाहत राह्यली. ती सव्वा वर्ष त्या तिसऱ्या माळ्यावर होती, तिले करमणं न करमणं काय ते मी सांगाची गरज नव्हती. तिनं कडेवरचं पोट्टं माह्या हातात देलं, म्हणे, धरा देवमनभाऊ, अन् दोन्ही हातांनी रहीमचा हात धरून त्याले घरात नेलं.